नळ उलटा ओढत होता

विहीणबाईंचा कुरुंदवाडहून फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत कांदा-लसूण चटणीत होते. उन्हाळ्यात मी ऑर्डरप्रमाणे चटणी करून देते आणि त्या दिवसांत माझा फोन नवराच उचलतो. त्यानं स्पीकर लावून फोन पाटावर ठेवला.

“विहीणबाई, तुमच्या गल्लीत कावीळ आलीया म्हणं?”

जेवलात का नाही, बऱ्या आहात का नाही. सरळ मुद्दा.

“दोन-तीन घरांत आहे,” मी म्हटलं.

“दोन-तीन घरं म्हंजे गल्लीच झाली की. मग पोरगी कशी पाठवू मी?”

ही पोरगी म्हणजे माझी मुलगी. लग्न होऊन कुरुंदवाडला गेलेली, सातवा महिना संपत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. मला यादीशिवाय काम सुचत नाही, म्हणून मी आधीच यादी करून फ्रिजवर चिकटवली होती: मऊ जुन्या साड्या, डिंक, अळीव, शेगडी, दवाखान्याची फाईल, रिक्षावाल्याचा नंबर. त्यात पाणी नव्हतं. पाण्याची कोण यादी करतं?

विहीणबाईंनी मात्र दवाखान्यात विचारून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की पाण्यातून पसरणारी एक कावीळ असते. एरवी ती माणसाला अंथरुणाला खिळवते आणि सोडून देते. पण पोटुशी बाईला झाली तर आईच्या आणि बाळाच्या, दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

“पाणी उकळून देईन की मी,” मी म्हटलं.

“प्यायचं द्याल उकळून. चूळ भरायचं? काकडी धुवायचं? तिनं अंगोळ करताना तोंडात गेलेलं? कुठं कुठं पुरं पडणार तुम्ही?”

 “बघते आणि सांगते,” मी म्हणाले.

“बघा. सांगा. तवर पोरगी हितं.”

मग फोन मुलीनं घेतला. “आई, तू टेन्शन घेऊ नको. पण मला यायचंय हां,” ती म्हणाली, आणि शेवटच्या ‘हां’ला तिचा आवाज जरा खाली गेला. चटणी कालवायची राहिली तशीच. तिखटाचे हात घेऊन मी बसून राहिले आणि विचार करत राहिले की ही कावीळ आमच्या गल्लीत आली तरी कुठून?

आम्ही मंगळवार पेठेत राहतो. आमची गल्ली मधल्या चौकानं कापलेली आहे. चौकाच्या वर ती वरची गल्ली, चौकाच्या खाली आमची, खालची. चौकात आमची तालीम. पाण्याची मोठी लाईन रस्त्यावरून वरच्या गल्लीत शिरते, चौक ओलांडते आणि आमच्याकडं येऊन संपते. कावीळ होती ती सगळी चौकाच्या खाली.

कारण सगळ्यांना आधीच माहीत होतं. “रसाचा गाडा!” तालमीचे वस्ताद कट्ट्यावरून जाहीर करायचे. “बर्फ कुठला घालतोय इचारा त्याला. आमच्या येळंला पैलवान रस प्यायचा तर समोर ऊस मोडून.” सगळी गल्ली मान डोलवायची. बिचाऱ्या गाडेवाल्यानं दुसरा चौक धरला.

मला मात्र ते पटेना. चटणीचे डबे पोचवायच्या निमित्तानं मी घरोघर जातेच. त्या आठवड्यात डबा द्यायचा आणि दोन मिनिटं बसायचं, असं ठरवलं. कावीळ झालेल्यांत एक म्हाताऱ्या काकू होत्या. त्यांना साखरेचा त्रास, गुडघे धरलेले. वर्षभर त्यांनी उंबरा ओलांडलेला नव्हता.

“काकू, रस प्यालात का कधी?”

“कुठला रस गं बाय? सून चहात साखर घालू देत न्हाय मला. एवढी चौकशी करतीस, आणलास का रस?”

रस नाही, भेळ नाही, बाहेरचं काही नाही. म्हणजे जे काय होतं ते काकूंच्या घरी आपल्या पायांनी चालत आलं होतं. गल्लीत सगळ्यांच्या घरी न बोलावता काय येतं? पेपर येतो, केबल येते आणि पाणी येतं.

आरोग्यसेविका ताई कावीळ झालेल्या घरांना भेट द्यायला आल्या होत्या. त्यांना मी रस्त्यातच गाठलं. पाणी तपासायला काय करावं लागतं? त्यांनी पिशवीतून छोट्या बाटल्या काढून दाखवल्या. बाटलीत आधीच औषध घातलेलं असतं. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबेच्या जागी एक-दोन दिवस ठेवायचं. औषधानं पाणी पिवळसर होतं, ते तसंच राहिलं तर ठीक.

“आणि नाही राहिलं तर?”

“काळं झालं तर समजायचं, पाण्यात मैला मिसळलाय.”

मी त्यांच्याकडून मिळतील तेवढ्या बाटल्या घेतल्या. चटणीच्या बरण्यांना लावते तशी चिठ्ठी प्रत्येकीला लावली आणि गॅसच्या वरच्या फळीवर बाटल्या ओळीनं मांडल्या. नवऱ्यानं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“चटणीशेजारी गटार? गिऱ्हाईकानं बघितलं म्हंजे?”

“झाकण घट्ट आहे.”

“चटणीचं का गटाराचं?”

आमच्या गल्लीत एक रीत आहे. पहाटे नळ आला की पहिलं पाणी सोडून द्यायचं. त्यानं पायऱ्या धुवायच्या, गाडी धुवायची, झाडांना घालायचं. जरा वेळानं नळाला ‘चांगलं पाणी’ येतं, मग प्यायचं भरायचं. माझ्या सासूबाई असंच करायच्या, मीही तेच करत आले. म्हणून मी एक बाटली पहिल्या पाण्याची भरली आणि एक मधल्या, चांगल्या पाण्याची. एक वरच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या वहिनींकडं दिली. त्यांची पिठाची गिरणी आहे आणि वरच्या गल्लीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या पाण्याची बाटली शाईसारखी काळी झाली होती. याचं मला फार आश्चर्य वाटलं नाही. ते वाईट असतं म्हणूनच तर आपण सोडतो. गिरणीवाल्या वहिनींची पिवळीच राहिली. पण संध्याकाळी फळीवरची मधल्या पाण्याची बाटलीही काळी झाली. तेच पाणी, जे मी कळशीत भरून गाळून ठेवते, जे मुलीनं जन्मापासून प्यालेलं.

पाणीखात्यातला माणूस येऊन गेला. त्यानं चौकातल्या नळाच्या पाण्यात थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. पिवळं म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, पाणी चांगलं. आमच्या दारात थेंब टाकले तर काहीच रंग नाही. तोही बुचकळ्यात पडला. “चौकापर्यंत आमचं पाणी बरोबर हाय बघा, ताई,” तो म्हणाला. आणि ते खरंच होतं. मग चौक ते माझा नळ, एवढ्या हाकेच्या अंतरात त्याला काय होत होतं?

उत्तर सापडलं ते आमची मोटर जळाली म्हणून.

हे मोटरचं प्रकरण सांगितलं पाहिजे. आमच्याकडं नळाला थेट मोटर लावून पाणी ओढतात. फार वर्षांपूर्वी वरच्या गल्लीत एकानं लावली. खाली पाणी बारीक झालं, मग खालच्या दोघांनी लावली. वरच्यांनी मोठी आणली. खालच्यांनी त्याहून मोठी आणली. कोल्हापुरात ईर्षा लागते ती गणपतीच्या मूर्तीची, फुटबॉलच्या संघाची, तशीच आमच्या दोन गल्ल्यांत मोटरच्या हॉर्सपॉवरची लागली. वस्ताद तर कट्ट्यावर बसून सांगायचे, “आमच्याकडच्या सगळ्या मोटरी एकदम चालू केल्या तर वरच्यांच्या टाकीतलं पाणी बी खाली येईल!” पोरं टाळ्या द्यायची. मोटर सगळ्यांकडं होती, आमच्याकडंही.

ती आमची मोटर कोरडी फिरून जळाली आणि दुरुस्तीला गेली. त्या पहाटे मी नळाखाली नुसती बादली ठेवली. नळ आला, करंगळीएवढी धार पडायला लागली. मग शेजारी मोटरचा आवाज आला, पलीकडं दुसरा, मग गल्लीभर घुर्रर्र. धार बारीक होत होत थांबली. मी बघायला म्हणून तळहात नळाच्या तोंडाला लावला.

नळानं माझा हात ओढून धरला.

मी दचकून हात सोडवला. परत लावला. परत ओढला. मग मी नवऱ्याला हाक मारली.

“अहो, इकडं या. हात लावा इथं.”

“काय करंट बिरंट येतोय काय?”

“लावा तर!”

त्यानं भीत भीत बोट लावलं, मग तळहात. “अगं, हे तर ओढतंय!” तो म्हणाला आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. मग आम्ही कागदाचा कपटा लावला, तो नळाला चिकटून बसला. प्लास्टिकची पिशवी लावली, ती आत खेचली जाऊन फुरफुरायला लागली. टॉवेलचं ओलं टोक लावलं. तांब्यात पाणी घेऊन नळाच्या तोंडाशी धरलं, तर नळानं ते पाणी सुर्रकन पिऊन टाकलं. साठीकडं आलेली दोन माणसं पहाटे मोरीत उभी राहून नळाला पाणी पाजत होती.

मग नवऱ्यानं तांब्या खाली ठेवला. “आपण तांब्या धरला म्हणून त्यानं तांब्यातलं ओढलं,” तो म्हणाला. “तांब्या नसंल तवा काय ओढत असंल?”

उजाडल्यावर आम्ही दारासमोरच्या गटारीवरची फरशी पहारीनं उचलली. मोठ्या लाईनीतून आमच्या घरात येणारी लोखंडी पाईप सरळ गटारीतून गेली होती. गंजलेली, पापुद्रे सुटलेली, काळ्या पाण्यात बुडालेली. शेजारच्यांची फरशी उचलली. तीही तशीच. घरं बांधताना ज्यानं त्यानं आपली पाईप जवळच्या वाटेनं नेलेली, आणि सगळ्यात जवळची वाट गटारीतूनच जात होती. पाईपमध्ये पाणी जोरात असतं तेव्हा ते भोकातून बाहेर जातं. पण वर-खाली सगळ्यांनी मिळून मोटरी लावल्या की लाईनीच्या टोकाला आमच्या पाईपा रिकाम्या होतात आणि भोकातून आत ओढतात. चांगलं म्हणून भरलेलं मधलं पाणीच आम्ही गटारीतून ओढून घेत होतो, आणि तेही एकमेकांवर मात करण्यासाठी.

मला तेव्हा राग वगैरे काही आला नाही. इतक्या वर्षांत नळाला एकदाही हात लावून बघितला नव्हता, याचंच मला जास्त नवल वाटत होतं.

हे वस्तादांना सांगून उपयोग नव्हता, दाखवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना घरी बोलावलं. ते आले ते कुरकुरतच. “वहिनी, अहो व्यायामाची येळ हाय माझी.” मोटरी सुरू झाल्या. मी म्हटलं, लावा हात. त्यांचा पंजा म्हणजे डब्याचं झाकण. तो नळावर बसला आणि नळानं धरला.

“आयला!” वस्ताद ओरडले. “पकड हाय की याची!” हात सोडवून त्यांनी तळव्यावर उठलेला लाल गोल बघितला. मी त्यांना बाहेर नेऊन गटारीतली पाईप दाखवली. बराच वेळ ते वाकून बघत राहिले. मग तालमीत गेले आणि त्या सकाळी त्यांनी कुणालाही शिवी दिली नाही. त्यावरनं गल्लीला कळलं की काहीतरी गंभीर आहे.

आता मोटरी बंद करायच्या. सोपं होतं. फक्त आधी कुणी?

गिरणीवाल्या वहिनी म्हणाल्या, “खालच्यांनी बंद कराव्यात. कावीळ त्यांच्यात हाय.”

वस्ताद म्हणाले, “वरच्यांनी लावली पयली मोटर. तेनीच पयली बंद करावी.”

“आम्ही बंद केली आनी तुम्ही चोरून लावली तर?”

“आम्ही? चोरून? आम्ही जे करतो ते गाजावाजा करून करतो, वहिनी!”

“तेच म्हणत्यो मी.”

चौकातली ही बैठक अशीच चालू राहिली असती. शेवटी मी मॅचची आठवण काढली. फुटबॉलला पंच बाहेरचा असतो ना? मग पाण्याच्या वेळेत वरच्या गल्लीतलं एक माणूस आमच्या गल्लीत बसेल आणि आमच्यातलं एक वर जाऊन बसेल. काम एकच, कान देऊन ऐकायचं. घुर्र झालं की शिट्टी. बसण्याच्या पाळ्या मी लावून दिल्या, एक कागद तालमीत आणि एक गिरणीत चिकटवला.

पहिल्या दिवशी आमच्या कट्ट्यावर गिरणीवाल्या वहिनी स्वतः येऊन बसल्या, गळ्यात शिट्टी. आम्ही चहा दिला. वर आमचा नवरा गेला होता, त्याला चहा आणि पोहे मिळाले. हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीनं शिरा केला. तिसऱ्या दिवशी वरच्यांनी मिसळ दिली. ईर्षा काही गेली नाही, ती फक्त मोटरवरून ताटात आली. एका घरात एकदा घुर्र झालं तेव्हा अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहिली. तो मिक्सर निघाला, आणि ती बाई दिवसभर “चटणी वाटायची सोय ऱ्हायली न्हाय” म्हणत फिरली.

धार करंगळीएवढीच होती, भरायला वेळ लागायचा, पण ती धार अखंड पडायची. मी परत बाटल्या भरल्या. मधल्या पाण्याची बाटली पिवळी राहिली. मी ती उजेडात धरून दोनदा तपासली, हलवून बघितली, नवऱ्याला दाखवली. पण पहिल्या पाण्याची परत काळी झाली. आधीपेक्षा उशिरा, पण काळी. नळ गेल्यावर पाईप रिकामीच राहणार, आणि गटारीत बुडालेली रिकामी पाईप भोकातून भरतच राहणार. म्हणजे पाईपाच गटारीतून वर काढायला हव्या होत्या.

बहुतेक घरांनी काढल्या. आमच्या खालच्या गल्लीत फक्त तालमीची राहिली. ती गटारीतून निघून थेट हौद्याखालून गेली होती. हौदा म्हणजे कुस्तीच्या लाल मातीचा आखाडा. ती माती वस्तादांनी स्वतः वर्षानुवर्षं सांभाळलेली. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं. पाईप बदलायची तर हौदा फोडावा लागणार होता.

“कुदळ न्हाय लागायची मातीला,” वस्ताद म्हणाले. एवढंच. त्यात ओरडणं नव्हतं, म्हणून मला जास्त काळजी वाटली.

“वस्ताद, तुमच्या पाईपचं पाणी परत मोठ्या लाईनीत येतंय.”

“ठावं हाय मला. माझ्या वस्तादानं दिलेली माती हाय ती. तिच्यात मी कुदळ घालू?”

 मलाही माझ्या मुलीचं बाळंतपण माझ्याच घरात हवं होतं. तेही वर्षानुवर्षांचंच होतं.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी विहीणबाईंना फोन लावला. मधलं पाणी चांगलं आलं, हे सांगून थांबता आलं असतं. आरोग्यसेविका ताईंनीही म्हटलं होतं की पुष्कळ सुधारलंय. पण एवढं सगळं शोधून काढल्यावर अर्धंच सांगायचं कसं? मी सगळं सांगितलं, नळानं हात ओढला तिथपासून हौद्याखालच्या पाईपपर्यंत.

 विहीणबाई म्हणाल्या, “हात ओढला? खरंच?”

“खरंच.”

“आमच्या नळाला बी लावून बघतो उद्या.” मग जरा थांबून, “विहीणबाई, पोरगी हितंच ऱ्हाऊ दे. तुम्ही या.”

मुलीच्या सासरी जाऊन तिचं पहिलं बाळंतपण काढायचं, हे आमच्या घरात कुणी केलेलं नव्हतं. माझ्या नणंदेनं फोन करून मला तसं कळवलंही. मी फ्रिजवरची यादी काढली, ‘शेगडी’ खोडली कारण शेगडी त्यांच्याकडं होती, आणि बाकी सगळं पिशवीत भरून एसटीत बसले.

कुरुंदवाडच्या घरी पहिल्या सकाळी मी अवघडून मोरीच्या दारात उभी होते. विहीणबाई नळाला तळहात लावून उभ्या होत्या. “न्हाय ओढत,” त्या म्हणाल्या, जरा नाराजच. मग माझ्याकडं वळून, “तुम्ही कोल्हापूरवाले वर बसून पंचगंगेत काय काय सोडता, ते खाली आमच्याकडंच येतं की. आमची टाकी बघायची हाय तुम्हाला?”

“बघायची आहे,” मी म्हटलं.

“आई, चहा तरी पिऊन जावा दोघी!” आतून मुलगी ओरडली. आम्ही चहा पिऊन गेलो. पाणी कुठून उचलतात, गाळतात कुठं, औषध कोण घालतं, हे विहीणबाईंनी तिथल्या माणसाला असं काही विचारलं की तो बिचारा शेवटी आम्हाला “कुठल्या खात्याच्या, म्याडम?” म्हणाला. “विहिणीच्या खात्याच्या,” विहीणबाई म्हणाल्या.

आषाढात नात झाली. दोघी सुखरूप. दवाखान्यातून सोडताना नर्सनं बजावून सांगितलं, सहा महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. मी ते लिहून घेत होते, तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, “म्हंजे सहा महिनं हायत. त्येच्यानंतर पोरीला पाणी लागंल. आजोळी आली तर कुठलं पाजायचं, ते तुमच्या वस्तादाला इचारा.”

परतल्यावर मी वस्तादांना पेढे दिले आणि निरोप जसाच्या तसा दिला.

“पोरगा का पोरगी?” त्यांनी विचारलं.

“पोरगी.”

पेढा तोंडात टाकून ते हौद्याकडं बघत राहिले. “विहीणबाई जरा फटकळ दिसत्यात,” म्हणाले.  गणपती झाले, दसरा झाला, दिवाळी झाली. पंच कट्ट्यावर बसतच होते. वर-खाली चहापाणी चालूच होतं. विषय मी परत काढला नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं.

थंडी पडल्यावर एका सकाळी तालमीसमोर मोठी ताडपत्री पसरलेली दिसली. वस्ताद हौद्यात गुडघे टेकून दोन्ही हातांनी माती उकरत होते आणि घमेल्यात भरत होते. प्लंबर कुदळ खांद्यावर टाकून कडेला उभा. त्याला हौद्यात पाय ठेवायची परवानगी नव्हती. “मातीला हात लावायचा असंल तर आधी पाय धुवून या,” वस्तादांनी सगळ्यांना बजावलं. बघता बघता दोन्ही गल्ल्या जमल्या. पाय धुवून माणसं ओळीत उभी राहिली, घमेली हातोहात ताडपत्रीकडं जायला लागली. गिरणीवाल्या वहिनींनी पदर खोचला होता.

“वस्ताद, माती आमच्या गल्लीत ठेवा की तवर सांभाळायला!” वरच्यांतल्या एकानं हाळी दिली.

“तुमच्याकडं दिली तर दोन दिसांत पीठ होईल तिचं!”

दुपारी माती संपली आणि खाली पाईप दिसली. तेव्हा कुठं प्लंबरला आत घेतलं. गटारीकडच्या टोकाचा तुकडा कापून बाहेर आला. त्याच्याभोवती सगळे असे वाकले, जसं काही जनावर सापडलंय. अंगठा जाईल एवढं भोक होतं. वस्तादांनी त्यात खरंच अंगठा घालून बघितला, काढला, वास घेतला आणि तोंड फिरवलं. आतून पाईप चिखलानं निम्मी भरलेली होती. “ह्या भोकातनं आलेलं आपण सगळे प्यायलो?” गिरणीवाल्या वहिनींनी विचारलं.  मला तो तुकडा घरी न्यायचा होता, पण वस्ताद म्हणाले, “न्हाय, तो हितं ऱ्हाऊ दे. पोरास्नी दाखवायला.”

नवी पाईप वरून, भिंतीच्या कडेनं गेली. माती परत हौद्यात गेली, ताक-तेल घालून. वस्तादांनी ती पायानं सारखी केली आणि कुणालाही जवळ येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पहिल्या पाण्याची बाटली भरली. पहिल्याच, अगदी पहिल्या धारेची. चिठ्ठी लावून फळीवर ठेवली. वस्ताद सकाळी एकदा येऊन बघून गेले, दुपारी एकदा, आणि संध्याकाळी “चटणी हाय का?” म्हणत परत आले. बाटली पिवळीच होती. पण अजून वेळ पूर्ण झाला नव्हता.

मी विहीणबाईंना फोन लावला. मागं नातीचा आवाज येत होता.

“पाईप बदलली,” मी म्हटलं. “हौदा काढून.”

“हौदा काढला?” त्यांनी मोठ्यानं विचारलं. मग, “आनी बाटली?”

“फळीवर आहे. अजून पिवळी आहे. उद्या सकाळी कळेल.”

“मग उद्या सकाळी फोन करा. खरं काय ते सांगायचं,” विहीणबाई म्हणाल्या. मग फोन बाजूला धरून आत माझ्या मुलीला ओरडून म्हणाल्या, “अगं, ती पोरीची बॅग माळ्यावरनं काढून ठेव!”